डेमो राहू दे, आधी पोस्ट दाखवा

संपादक साहेब, नमस्कार,

लघुउद्योगांनी डिजिटल व्हावं असं सध्या जो तो सांगतोय, तुमच्या उद्योगाच्या पानावर पण अधनंमधनं तेच असतं. होऊ की डिजिटल, पण दोन व्हीएमसी (कोडवर चालणारी मिलिंग मशीनं) आणि एक लेथ असलेल्या शेडवाल्यानं कॅड-कॅम (काँप्युटरवर डिझाइन करून त्यावरनं मशीनचा प्रोग्रॅम काढणारं) सॉफ्टवेअर घ्यायचं तर नेमकं बघायचं काय हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडं बहुतेकांचं काम फौंड्रीच्या कास्टिंगचं. फेस मारला, बोअर केलं, ड्रिल-टॅप झालं की पार्ट बाहेर. एवढ्यासाठी कॅम लागतच नाही, जुना ऑपरेटर कंट्रोलपुढं, म्हणजे मशीनच्या काँप्युटरपुढं, उभ्या उभ्या जी८१, जी८४ हे ड्रिल-टॅपचे कोड टाकून प्रोग्रॅम लिहून मोकळा होतो. कॅम लागतं ते पॅटर्न, कोअर बॉक्स, डाय असल्या साच्यांचं वळणावळणाचं सरफेस आलं की. असली कामं वर्षाकाठी एखाद-दुसरी येत असतील तर सॉफ्टवेअर घेऊच नका, तासावर पैसे घेऊन प्रोग्रॅम करून देणारी पोरं एमआयडीसीत मिळतात.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्याकडं सेल्सवाला येतो आणि लॅपटॉपवर पाच अ‍ॅक्सिसचा इंपेलर फिरवून दाखवतो. आपलं मशीन तीन अ‍ॅक्सिसचं! त्याला विचारायचं ते पोस्ट प्रोसेसरचं. म्हणजे सॉफ्टवेअरनं काढलेला टूलपाथ आपल्या कंट्रोलला कळेल अशा जी-कोडात (मशीनला द्यायच्या आज्ञांत) उतरवणारी फाइल. सिमेन्सच्या कंट्रोलचं वेगळं, फॅनुकचं वेगळं, त्यात जुन्या फॅनुकवर नव्यातले काही कोड चालत नाहीत. आर्कला (गोलाईला) त्रिज्येचा आर द्यायचा का केंद्राचे आय-जे, टूल बदलायच्या आधी झेड (उभा अ‍ॅक्सिस) वर न्यायचा का नाही, रिजिड टॅपिंगला (स्पिंडलच्या फिरण्याशी जुळवून आटे पाडायला) एम२९ कोड टाकायचा का, हे सगळं तिथं ठरतं आणि तिथं गडबड झाली की टूल जाऊन बसतं जॉब पकडणाऱ्या व्हाइसवर. आम्हाला विकणाऱ्यानं पोस्ट फ्री म्हणून सांगितलं, आलं ते जनरल फॅनुकचं, आमच्या मशीनला बसवून द्यायचं वेगळं कोटेशन, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

दुसरी गोष्ट डेमोत कधीच दिसत नाही. जुन्या कंट्रोलची मेमरी लहान, त्यामुळं सरफेसचा मोठा प्रोग्रॅम आरएस-२३२ केबलनं थोडा थोडा सोडावा लागतो. ९६०० बॉडला (केबलच्या त्या वेगाला) सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, एक ओळ २४ अक्षरांची धरली तर ४० ओळी झाल्या, आणि एका ओळीत टूल ०.१ मिमी सरकत असेल तर सेकंदाला ४ मिमी, म्हणजे मिनिटाला २४०. प्रोग्रॅममध्ये फीड (टूल सरकायचा वेग) २००० लिहा नाहीतर ५०००, मशीन अडखळत २४० नंच चालणार आणि फिनिशवर डाग पडणार ते वेगळेच. तेव्हा टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) थोडा सैल करून, बारक्या रेषांच्या जागी आर्क काढून ओळी कमी करायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का हे बघा, भारीतलं रेंडरिंग काय कामाचं.

पैशाचं म्हणाल तर आता बऱ्याच कंपन्या वर्गणीवर आल्यात, वर्ष संपलं की परत भरा. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या कॅड-कॅमचं फुकटातलं पर्सनल लायसन्स धंद्यासाठी नाहीच, शिवाय ऑक्टोबर २०२० पासून त्यात रॅपिड चाल (न कापता टूल झटकन हलवणं) आणि ऑटोमॅटिक टूल चेंज काढून टाकलंय. क्रॅक कॉपी किती शेडमध्ये चालते ते सगळ्यांना माहीत आहे, पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी मध्ये जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिलाय, कस्टमरचं ड्रॉइंग असल्या कॉपीत उघडायचं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. फ्रीकॅड मात्र खरंच फुकट आहे आणि धंद्यालाही चालतं. नोव्हेंबर २०२४ ला त्याचं १.० आलं, आधी मॉडेलमध्ये मागं जाऊन एक माप बदललं की पुढचं सगळं कोसळायचं ते आता बरंच कमी झालंय. कॅम त्यात आहे, फॅनुकचं पोस्टही आहे आणि ते पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत उघडं असल्यानं जाणकार पोरगा बदलू शकतो. रफिंगला (आधी भराभर जादा माल काढायला) महागड्या सॉफ्टवेअरची सर येत नाही हे खरं, पण साध्या टू-डी कामाला भागतंय.

माझं मागणं आमच्या उद्योजक संघटनांकडं आहे. सेमिनार आणि सत्कार होत राहतील, त्याच्या जोडीला आपल्या भागातल्या मशीन-कंट्रोलप्रमाणं चालवून बघितलेली पोस्ट एका जागी गोळा करा आणि सभासदांना द्या. आज प्रत्येक शेडवाला तेच पोस्ट वेगवेगळे पैसे मोजून दुरुस्त करून घेतोय. आयटीआयवाल्यांनी पण पोरांना एका ब्रँडची बटणं शिकवताना निदान एक पोस्ट उघडून त्यातली ओळ बदलून दाखवावी, आम्ही भरतीला आलेल्या पोराला पहिलं तेच विचारतो.

आपला,
एक जॉबवर्कवाला, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर