अश्वशक्तीच्या तराजूत तोलू नका

मा. संपादक, स. न.

रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकन मोटारींवर आलेला लेख वाचला. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला चार ओळी आणि 'मस्टँग'ला अर्धं पान, ही वाटणी काही पटली नाही. कारण काय, तर टीची अश्वशक्ती अवघी 20 आणि मस्टँगच्या सगळ्यांत साध्या इंजिनाचीही शंभरीपार!

अहो, 1908 साली अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत धड रस्ते होते कुठे? टी उंच होती, चिखलातून निघायची, बिघडली तर शेतकरी घरच्या पाना-पकडीने दुरुस्त करायचा. मागचं चाक जॅकवर उचलून पट्टा चढवला की तिच्यावर करवतही चालायची. चालवायला मात्र ती विचित्रच. डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंगखाली हाताशी. टाकी सीटखाली आणि पेट्रोलला पंप नाही. टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ लागला की इंजिन उपाशी, मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत!

लेखात खरी गोष्ट राहिलीच. हायलँड पार्कच्या कारखान्यात 1913 मध्ये सरकती जुळणी सुरू झाली, म्हणजे गाडी पुढे सरकते आणि कामगार जागच्या जागी भाग जोडतात, आणि चासी (गाडीचा सांगाडा) जोडायला लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. सुरुवातीला 850 डॉलरला मिळणारी गाडी पुढे तीनशेच्या आत आली. 1927 पर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या.

मस्टँग देखणी, वादच नाही. लांब बॉनेट, आखूड डिकी. 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली आणि पहिल्याच दिवशी 22 हजार मागण्या. पण आतला बराचसा ऐवज फोर्डच्याच साध्यासुध्या 'फाल्कन'चा. हुशारी होती ती विकण्यात. किंमत 2,368 डॉलरपासून, पुढे इंजिन, गिअरबॉक्स, सजावट ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे निवडावी. टी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळे. त्या हट्टापायी प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सने तिचं गिऱ्हाईक पळवलं होतं. मला तर मस्टँगची ती निवडीची लांबलचक यादी म्हणजे फोर्डने उशिरा गिरवलेला धडाच वाटते.

पुन्हा कधी टीवर लिहिलंत, तर त्या तीन पेडल्सचा फोटो तेवढा छापा.

– एक निवृत्त फिटर, चिंचवड