‘किंकाळ्या’ म्हणण्याआधी एकदा ऐका

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा लेख वाचला. पाचगणीच्या शाळेतली त्याची वर्षं, पियानो, ‘द हेक्टिक्स’ हा पोरांचा बँड, हे सगळं लेखकाने जीव ओतून लिहिलंय, त्याबद्दल आभार. पण शेवटी त्याने एका ऑपेरा गायिकेबरोबर केलेला ‘बार्सिलोना’ अल्बम एका ओळीत निकालात काढला. ‘ऑर्केस्ट्राचा गदारोळ आणि एका ऑपेरा गायिकेच्या किंकाळ्या.’ त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागली नाही.

त्या ‘एका ऑपेरा गायिके’ला नाव आहे, मोन्सेरात काबाये. (फोटोखाली ‘कॅबेल’ आणि लेखात ‘कबाले’ छापलंय. निदान एकच काहीतरी छापा.) १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्या दुसऱ्या गायिकेच्या जागी उभ्या राहिल्या आणि एका रात्रीत त्यांचं नाव झालं. कशासाठी? हळुवार गाण्यासाठी! तार सप्तकातला स्वर अगदी नाजूक लावायचा आणि एका श्वासात लांबवत न्यायचा, ही त्यांची खासियत. त्यांना तुम्ही किंचाळणारी म्हणता?

१९९२ साली मी वाईच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमुळे त्या अल्बममधलं ‘बार्सिलोना’ हे गाणं पुन्हा गाजत होतं. फ्रेडीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पसरणीचा घाट चढलं की त्याची शाळा, म्हणून मुलींना ऐकवावं या हौसेने पुतण्याकडून कॅसेट मागवली आणि आठवीच्या तासाला त्यातलंच ‘एनसुएन्यो’ हे गाणं लावलं. त्यात फ्रेडी नेहमीच्या वरच्या पट्टीत गात नाही, खालच्या, भरदार आवाजात गातो, आणि काबायेबाई त्याच्यावरून अलगद वर जातात. स्पॅनिश शब्द बाईंनीच बसवलेले. मुलींना एक शब्द कळत नव्हता, पण वर्ग चिडीचूप. एका मुलीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला होता, ती मला अजून दिसते. तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले, टेपचं बटण दाबलं आणि मुलींसमोर म्हणाले, “बाई, गाण्याच्या तासाला किंचाळायला शिकवता का?” कॅसेट ऑफिसच्या कपाटात गेली, ती परत मिळालीच नाही. मी दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागायचा धीर झाला नाही, याचं आजही वाईट वाटतं. इतक्या वर्षांनी तोच शब्द तुमच्या पुरवणीत, आणि तोही गाण्यावर लिहिणाऱ्या माणसाकडून!

आता ‘गदारोळ’. १९८८ च्या मूळ अल्बममध्ये ऑर्केस्ट्रा वाटतो तो बहुतेक फ्रेडीचे साथीदार संगीतकार माइक मोरान यांचा कीबोर्ड आहे. प्रागच्या वादकांचा खराखुरा ऑर्केस्ट्रा २०१२ मध्ये चढवला गेला, दोन्ही गायकांचे जुने आवाज ठेवून. लेखकाने कोणता ऐकला? मोबाइलवर नवा ऐकून जुन्याला नावं ठेवली असतील, तर तो अन्याय आहे.

आणि ‘पॉपच्या पैशासाठी खाली उतरलेली गायिका’ हे लेखातलं म्हणणं तर साफ चूक. १९८७ च्या मार्चमध्ये बार्सिलोनाच्या हॉटेलात दोघं पहिल्यांदा भेटले. फ्रेडीने ऐकवलेली एक चीज बाईंनी त्याच महिन्यात लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या मैफलीत गायली. पॉपच्या एका अल्बममध्ये किती गाणी असतात, हेही त्यांनीच विचारलं, आणि एकाच गाण्यावर न थांबता अख्खा अल्बम करू म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली, जगभरची ऑपेरागृहं गाजवलेली बाई असं करते ती गाण्याच्या ओढीने. आवाज कुठेही पातळ केलेला नाही. ‘राम श्याम गुणगान’मध्ये भीमसेनजी भीमसेनच राहिले आणि लताबाई लताबाईच, तसंच इथे आहे. फ्रेडीनेच त्यांच्या दिशेने चार पावलं टाकली आहेत.

गुरुवारचं ध्वनिमुद्रिकांचं सदर तुम्ही बंद केलंत, तेव्हाही मी पत्र लिहिलं होतं. ते छापलं नाहीत. ते सदर चालू असतं, तर हा लेख छापण्याआधी सदर लिहिणाऱ्यांना दाखवता आला असता.

हे पत्र छापलंत तर कृपया ‘एनसुएन्यो’चा उल्लेख कापू नका. त्या वर्गातल्या मुली आता चाळिशीच्या पुढे असतील. त्यातल्या एखादीने वाचलं तर तिला ते पूर्ण ऐकता येईल, तेव्हा अर्ध्यावरच राहिलं होतं.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, वाई