खोडलेल्या एका वाक्याबद्दल आभार

रायबंदर येथील सायबर गुन्हे पोलीस स्थानकात त्या गुरुवारी माझी तक्रार लिहून घेणाऱ्या महिला हवालदारांस,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण सांगितले होते, म्हणून ते या पत्रात लिहीत नाही. मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. शिगम्याच्या दिवसांत माझ्या खात्यातून तीन वेळा मिळून १,८४,००० रुपये काढले गेले आणि दुपारच्या फेरीबोटीने मी आपल्याकडे आलो, एवढी ओळख पुरेल. आपल्यासमोर रोज माझ्यासारखे कितीतरी जण येऊन बसत असतील. तरीही पहिल्या कागदावरचे एक वाक्य खोडायला लावलेला मास्तर आपल्याला आठवावा अशी आशा आहे.

घडले ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर आपण स्वतःच लिहून घेतले आहे. बुधवारी संध्याकाळी वीज कार्यालयाच्या नावाने फोनवर संदेश आला की मागील बिल भरल्याची नोंद नसल्याने रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा तोडला जाईल. आमच्या गावात वीज जायची झाली तर त्यासाठी संदेश लागत नाही, पहिला पाऊस पुरतो, हे मला पन्नास वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. तरीही मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने मला इतक्या वेळा ‘सर’ म्हटले, की त्याने पाठवलेली फाईल उघडायला आणि दहा रुपये भरायला मी नाही म्हणू शकलो नाही. मला फार उशिरा एक गोष्ट लक्षात आली व ती अजून बोचते: त्या दोन दिवसांत आपल्याला भेटेपर्यंत माझ्याशी सर्वांत आदबीने बोललेला माणूस म्हणजे तो चोर.

रात्री आठच्या सुमारास ९८,००० आणि पाठोपाठ ४९,५०० रुपये गेले. सायबर फसवणूक कळवण्याचा १९३० हा सरकारी मदत क्रमांक अशा वेळी दिवसरात्र चालतो, आणि पैसा चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले तर तो वाटेत अडवता येतो, हे मला त्या रात्री माहीत नव्हते. मात्र खरे सांगायचे तर, माहीत असते तरी मी फोन केला असता की नाही याची मला शंका आहे, कारण फोन करायचा म्हणजे घरात मोठ्याने बोलावे लागले असते. सौभाग्यवती शेजारच्या खोलीत होती. ते पैसे पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यासाठी, वासे व रिपा बदलून नवी मंगळुरी कौले चढवण्यासाठी, आम्ही दोघांनी मिळून साठवले होते. मी दिवा मालवून अंथरुणावर पडलो आणि ती विचारील या भीतीने झोपेचे सोंग घेतले. माझ्या लाजेने त्या चोरांना पहाटेपर्यंतची मोकळीक दिली.

सकाळी बँक उघडताच मी शाखेत पोहोचलो. पैसे गेले आहेत, खाते ताबडतोब बंद करा, असे मी सांगितले, तेव्हा खिडकीमागच्या तरुणाने मान वर न करता ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार, अंकल’ असे म्हटले आणि अर्ज, आधार कार्डाची व पासबुकाची झेरॉक्स घेऊन या, असे फर्मावले. ओटीपी मी कोणालाही सांगितला नव्हता. त्या फाईलमुळे माझ्या फोनवर येणारे संदेश चोराला तिकडे बसून वाचता येत होते, हे आपण नंतर मला समजावलेत. झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा असताना तिसऱ्यांदा फोन वाजला आणि आणखी ३६,५०० रुपये गेले. तेथून ज्या चौकीवर गेलो, तेथल्या साहेबांनी कागदही हातात न घेता ‘मास्तर असून फसलात?’ असा प्रश्न केला आणि रायबंदरची वाट दाखवली. वाट दाखवली एवढ्यापुरते त्यांचेही आभार मानतो.

आपल्यासमोर बसलो तेव्हा मी झेरॉक्सचा गठ्ठा पुढे केला. आपण तो बाजूला ठेवून कोंकणीत म्हणालात, ‘बरोवप मागीर. आदीं फोन लावया.’ लिहिणे नंतर, आधी फोन लावू. दिवसभरात कागदांआधी माझ्या कामाला हात घालणारी पहिली व्यक्ती आपण होतात. १९३० वर नोंद झाली, खाती, रकमा, वेळा सगळे सांगून झाले, आणि मग आपण मला कोरा कागद दिलात.

मी लिहिले. सदतीस वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवलेल्या माणसाचा अर्ज होता तो. समास सोडलेला, विषय अधोरेखित केलेला. त्यात दुसरेच वाक्य असे होते: ‘माझ्या मूर्खपणामुळे व हलगर्जीपणामुळे हे नुकसान झाले असून त्यास मीच सर्वस्वी जबाबदार आहे.’ कोणी विचारण्याआधी आपणच कबूल केलेले बरे, असे मला वाटले असावे. आपण वाचता वाचता तेथे थांबलात, कागद माझ्याकडे फिरवलात आणि त्या ओळीवर बोट ठेवलेत. ‘मास्तर, हें वाक्य काडया. कागाळ चोराचेर करपाची, आपणाचेर न्हय.’ हे वाक्य काढू या, तक्रार चोरावर करायची, स्वतःवर नव्हे, असे म्हणून आपण पेन माझ्या हातात दिलेत.

आपण ते स्वतः खोडू शकला असता. मागे बाकावर चार माणसे ताटकळत होती, टेबलावरचा फोन दोनदा वाजून थांबला, आणि मी पेन धरून नुसता बसलो होतो. पण आपण घाई केली नाहीत की समजूतही घातली नाहीत, नुसती वाट पाहिलीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या, पण स्वतःविरुद्ध लिहिलेल्या ओळीवर एक रेघ ओढायला मला एवढा वेळ लागला. त्यानंतर दुसऱ्या कागदावर अर्ज नव्याने लिहिताना माझा हात कापत नव्हता. त्या रात्री मी सौभाग्यवतीला सगळे सांगितले. हे बळ मला कोठून आले ते तिला सांगितले, आज आपल्यालाही सांगतो.

आणखी एक गोष्ट राहते. माझ्या खिशातून पेनाबरोबर बँकेच्या टोकनाची चुरगळलेली चिठ्ठी बाहेर पडली. मी ती फेकणार तोच आपण उचललीत, सरळ केलीत आणि तीवर छापलेली १०.१४ ही वेळ मला दाखवलीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची असली तरी त्याने कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते, हे मला आपल्याकडूनच कळले. ज्या शाखेने मला झेरॉक्स आणायला पिटाळले, तिनेच पुढे त्या चिठ्ठीच्या आधारे ३६,५०० रुपये खात्यात जमा केले. आधीच्या दोन रकमांपैकी वाटेत अडवून ठेवलेले ६१,२०० रुपये गेल्या आठवड्यात न्यायालयाच्या आदेशानंतर परत आले. उरलेले ८६,३०० कोठल्यातरी एटीएममधून रोख निघून गेले आहेत आणि ते मिळतील अशी खोटी आशा आपण मला कधीच दाखवली नाहीत, हेही मी उपकारातच धरतो. सभ्यता म्हणजे गोड बोलणे नव्हे, हे गोड बोलणाऱ्याकडून लुटला गेल्यावर माणसाला चांगलेच उमगते.

घराचा पुढचा भाग शाकारून झाला आहे. मागच्या पडवीवर यंदा ताडपत्री आहे आणि पाऊस जोराचा आला की तिच्यावर असा आवाज होतो की आम्हा दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही.

तो पहिला कागद आपण फाडला नाहीत, घडी करून मला परत दिलात. परवा कपाट आवरताना तो सौभाग्यवतीच्या हाती लागला. तिने तो उभ्यानेच वाचला आणि खोडलेल्या ओळीबद्दल इतकेच म्हणाली, की तुमच्या हाताची रेघ मी ओळखते, पण ही तुम्हाला सुचलेली नाही. चवथीला आपण आमच्याकडे यावे असा तिचा आग्रहाचा निरोप आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडणला उतरल्यावर मास्तरांचे घर म्हणून कोणालाही विचारावे. छपरावर निळी ताडपत्री दिसेल.

आपला कृतज्ञ,
चोडणचा एक निवृत्त शिक्षक