बाबा, टीव्हीला कुलूप मीच लावलंय

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही एखादा पिक्चर लावायला जाल आणि टीव्ही चार आकडी पिन मागेल. टीव्ही बिघडलेला नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावू नका, तो नुसतं बघायचेही पैसे घेऊन जाईल. कुलूप मी लावलंय. निघायच्या दिवशी दुपारी तुमचा डोळा लागला होता तेव्हा. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता आणि दोन दिवस बोलला नसता, हे आईला आणि मला चांगलं माहीत आहे. फोनवर तुम्ही नुसतं "हूं" करता. म्हणून पत्र. पत्र तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचता, वर ऱ्हस्व-दीर्घही काढता.

७४ वर्षांच्या माणसाला लहान मुलांचं कुलूप, असं आता तुमच्या मनात येणार. तर त्याचं असं आहे. त्या सेटिंगमध्ये पायऱ्या असतात. सगळ्यांसाठी, मग ७ वर्षांवरचे, १३ वर्षांवरचे, १६ वर्षांवरचे आणि शेवटी फक्त प्रौढांसाठी. मी १३ वर थांबले. म्हणजे कागदोपत्री तुम्ही सध्या आठवीत आहात. हसा की जरा.

आईवर रागावू नका. मीच तिला खोदून खोदून विचारलं. 'छावा' तुम्ही थिएटरात पाहिला होता, ते ठीक. तेव्हा स्टेंट नव्हता. पण तो पिक्चर घरच्या टीव्हीवर आल्यापासून रात्री अकराला लावायचा, शेवटचा अर्धा तास आला की आवाज वाढवायचा, मग एकपर्यंत कॉटवर बसून राहायचं. आणि सकाळी आईनं कॅलेंडरच्या चौकोनात काय लिहिलंय? बीपी १७०/१००. त्याच्या शेजारच्या चौकोनात 'दूध ३ पिशव्या' लिहिलंय म्हणून ते तुम्हाला दिसलं नसेल, पण मला दिसलं. डॉक्टरांनी पिक्चर बघू नका असं म्हटलेलं नाही, मान्य. जागरण नको आणि डोक्याला ताप नको, एवढंच म्हणाले. रात्री एक वाजेपर्यंत औरंगजेबावर चिडून बसणं यातल्या कशात बसतं, ते तुम्हीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, संभाजी महाराजांचे हाल बघवत नाहीत म्हणून इतिहास बघायचाच नाही का? बाबा, मला हाल बघवत नाहीत असं नाही. मी सगळं बघते. 'ॲनिमल'सुद्धा बसून पाहिला, तीन तास एकवीस मिनिटं, प्रौढांसाठीचा शिक्का असलेला. हॉटेलात कुऱ्हाड घेऊन माणसं कापतात आणि मागे आपलं मराठी डॉल्बीचं गाणं वाजतं, त्याला थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. मला त्या रक्तापेक्षा त्या शिट्ट्यांची जास्त शिसारी आली. माणूस मेला की नाचावंसं वाटावं अशी ती सगळी बांधणी आहे. चांगली केलीय, म्हणून तर ती चढते.

तुमचं पुढचं वाक्यही मला पाठ आहे. "आमच्या 'शोले'त काय कमी मारामारी होती?" होती ना. पण आठवून बघा. इमामसाहेबांचा अहमद, आपला सचिन, गब्बरच्या तावडीत सापडतो. तो मरताना आपल्याला दिसतो का? गब्बरच्या हातावर मुंगी चढते, तो ती चिरडतो, आणि नंतर घोड्यावरून येतं ते प्रेत. ठाकूरच्या घरचं माणूस न् माणूस मारलं, तर अंगणात पांढऱ्या चादरी आणि वारा. शेवटी ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो असंच मुळात शूट केलेलं होतं. १९७५ साली सेन्सॉरनं ते बदलायला लावलं आणि पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. सेन्सॉरनं केलं ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, तो आणीबाणीचा काळ होता आणि तुमची त्यावरची मतं ऐकूनच मी मोठी झाले. पण मुंगी कुणी सांगितली म्हणून आली नव्हती. ती सुचलेली होती. इतकी वर्षं झाली तरी तिच्या आधी पोटात खड्डा पडतो, आणि त्यानं आईच्या चौकोनात १७० होत नाही.

आता 'छावा'बद्दल माझं मत, मग तुम्ही चिडा. त्यातला सगळ्यात भारी माणूस अक्षय खन्ना. औरंगजेब म्हणून तो जवळजवळ काही करतच नाही. बसून टोपी विणतो, हळू बोलतो, डोळे वर करतो. त्या विणकामाची मला जेवढी भीती वाटली तेवढी शेवटच्या तापलेल्या सळ्यांची वाटली नाही. सळ्या आल्या की मी मान वळवते, विणकामाकडे बघत राहते. विकी कौशलनं जीव ओतलाय, ते नाकारत नाही. पण प्रदर्शनाआधी महाराज लेझीम खेळतात त्यावर आक्षेप आले आणि दिग्दर्शकानं ते दृश्य काढलं, हे तुम्हाला आठवतंच. लेझीम गेलं, हाल राहिले. राजानं आनंदानं लेझीम खेळलेलं आपल्याला चालत नाही, त्याची नखं उपटलेली मात्र लेकराबाळांना घेऊन बघायला चालतात. १६ वर्षांवरचा शिक्का होता, पण ती आईबापांना सूचना असते, दारात कुणाला अडवत नाहीत. माझ्या पुढच्या रांगेतलं पोर कोकलत होतं आणि त्याचे वडील "बघ, बघ, असे होते आपले राजे" करत होते.

तुम्ही असं केलं नाहीत, बाबा. तुळापूरला आपण एसटीनं गेलो होतो, मी चौथीत असेन. भीमा, भामा आणि इंद्रायणी मिळतात तिथे तुम्ही मला कडेला बसवलंत. वर्गात शिकवताना तुमचा आवाज चढायचा म्हणे, त्या दिवशी अजिबात चढला नव्हता. "त्यांना वाकवायचा खूप प्रयत्न केला, ते वाकले नाहीत," एवढंच सांगितलंत. मी विचारलं, कसा प्रयत्न केला? तर म्हणालात, "ते मोठी झालीस की वाच." आणि आईनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू अर्धा करून मला मोठा तुकडा दिलात. परतीला मी तुमच्या खांद्यावर झोपले, तुमचा शर्ट लाळेनं भिजला, तर तुम्ही सातारा येईपर्यंत हललाही नाहीत. मोठी झाल्यावर मी वाचलं. रडले. पण त्या लाडवापाशी मला जे समजलं होतं, त्यात वाचून फार भर पडली नाही.

म्हणून मला खरंच कळत नाही, की असं सांगता येणाऱ्या माणसाला त्या शेवटच्या अर्ध्या तासाचं एवढं काय वाटतं. १ फेब्रुवारी १६८९ला महाराज संगमेश्वरला पकडले गेले, ११ मार्चला शेवट. मध्ये चाळीस दिवसही नाहीत. त्याआधी नऊ वर्षांचं राज्य आहे. बुऱ्हाणपूर आहे, जंजिरा आहे, गोव्यात पोर्तुगीजांच्या तोंडचं पळवलेलं पाणी आहे, पाच वर्षांहून जास्त काळ बादशाही फौजेला दाद न देणारा रामशेज किल्ला आहे. आणि नंतर? नोव्हेंबर १६८९मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि शाहूराजे कैदेत गेले. शाहूराजे १७०७मध्ये सुटले, येसूबाई १७१९मध्ये. जवळजवळ तीस वर्षं! आणि सुटल्या त्या तलवारीनं नाही. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीला जाऊन सनदा आणल्या, तेव्हा कुठे त्या आपल्या साताऱ्यात आल्या. हे मला तुम्हीच शिकवलंय. नवऱ्याचे चाळीस दिवस आणि बायकोची तीस वर्षं, त्यातल्या तीस वर्षांवर कुणी पाचशे कोटी कमवू शकत नाही, कारण त्यात आवाज वाढवण्यासारखं काही नाही.

मालिकांचं म्हणाल तर त्याही मला काही फार आवडत नाहीत, हे तुम्ही जाणताच. एक खलिता आला की सहा जणांचे चेहरे तीन-तीनदा, प्रत्येकाला ढँण. बारा मावळे आणि चार घोडे इकडून तिकडे पळवून दहा हजारांची लढाई. सोयराबाईंच्या महालातली कुजबुज महिनोन्‌महिने. 'स्वराज्यरक्षक संभाजी' तुम्ही २०१७ ते २०२० एक भाग न चुकवता पाहिलीत आणि मी सुट्टीत आले की जांभया द्यायचे. तरी एक गोष्ट मालिकेला जमते. तिच्याकडे वेळ असतो. 'श्री सखी राज्ञी जयति' हा येसूबाईंचा शिक्का, तो कारभार, ते नातं, हे सगळं सावकाश कळायला तीन तास पुरत नाहीत. शिवाय साडेनऊला ती संपते आणि तुम्ही झोपायला जाता. रटाळपणाचा एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

आणि आई, तू मध्ये पडू नकोस, कारण माझा सगळ्यात मोठा साक्षीदार तूच आहेस. १९८७ची 'स्वामी'. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव. आपल्या त्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर वाड्यातल्या बायका डोळ्याला पदर लावून बसायच्या ते तूच सांगतेस. काय होतं त्यात? दालनं, समया, बोलणं. थेऊरला गणपतीसमोर २७ वर्षांचा पेशवा क्षयानं जातो. रक्ताचा थेंब नाही, आणि माईआजी दुसऱ्या दिवशी जेवली नव्हती म्हणे. 'भारत एक खोज'मधला नसीरुद्दीन शहाचा शिवाजी आणि ओम पुरीचा औरंगजेब, हे दोघे तर तुमचेच लाडके, बाबा. तो औरंगजेब दुष्ट वाटायच्या आधी थकलेला वाटायचा, असं तुम्हीच म्हणाला होता. थकलेल्या शत्रूवर रात्री एकपर्यंत चिडता येत नाही.

बरं, आता काय काय चालू ठेवलंय ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल मी घरात आणीबाणी आणली. जुन्या ऐतिहासिक मालिका सगळ्या चालू आहेत, पहिल्या पानावर आणून ठेवल्यात, शोधायला लागणार नाहीत. दुपारच्या डब केलेल्या दाक्षिणात्य मारधाडी चालू आहेत. त्यात वीस माणसं हवेत उडतात पण कुणाला लागत नाही, त्यामुळे माझी हरकत नाही. आईचे कीर्तनाचे आणि रेसिपीचे चॅनेल तसेच. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून खाली लांबट स्पीकर लावलाय, त्यामुळे आवाज चाळीसवर न्यायची गरज नाही, अठरा पुरतो, मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलंय. खाली अक्षरंही येतात, मोठी करून ठेवलीत. खुर्चीला पाय वर करायचा दांडा उजवीकडे आहे. तो ओढताना वाकू नका.

पिन आईकडे आहे. म्हणजे बंदी नाही, बघा. तुम्हाला 'छावा' बघायचाच असेल तर दुपारी चारला बघा, आई शेजारी असताना, बीपी मोजून. १४०च्या वर असेल तर नाही. आई, "एवढा एकच वेळ" म्हणाले तरी द्यायचा नाही. तू विरघळतेस, वाड्याच्या वेळीही विरघळलीस.

बाबा, मला तुमच्यावर हुकूम गाजवायचा नाही. इतक्या लांब बंगळुरात बसून मी दुसरं काय करणार? रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं, स्क्रीनवर आईचं नाव असलं की आधी वेळ बघते आणि मग उचलते. तुम्ही सत्तर वर्षं कुणाचं ऐकलं नाहीत, आता माझं थोडं ऐकून घ्या. पिंट्या मे महिन्यात येणार आहे. त्याला तुळापूरला न्यायचं तुम्ही कबूल केलंय. मोठ्या गाडीनं जा, एसटीनं नको, आणि दुपारच्या उन्हात नको. त्याला काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, त्यात मी बोलणार नाही.

संध्याकाळी गोलबागेपर्यंत चालायचं, त्यापुढे चढ आहे, तिकडे वळायचं नाही. लोणचं आणि पापड वरच्या फडताळात ठेवलेत, ते शोधू नका. १२ तारखेला तपासणी आहे. जाताना ईसीजीची जुनी पट्टी, निळी फाइल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा, कारण गेल्या वेळी तुम्ही डॉक्टरांना "ती पांढरी, छोटी" असं सांगितलंत आणि घरात चार पांढऱ्या, छोट्या आहेत. आईला बरोबर न्या. रिक्षाचे सुट्टे पैसे फाइलच्या कप्प्यात आहेत.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, यातल्या शुद्धलेखनाच्या चुका फोनवर सांगा, पण रात्री नऊच्या आत.