माफी मिळाली, पण उत्तर कुठाय?

संपादक साहेब,
चेक देशातल्या कायिनेक या खुनासाठी शिक्षा झालेल्या कैद्याबद्दल लिहावंसं वाटलं. १९९३ मधे प्लझेन शहरातल्या बोरी जेलजवळ कारवर गोळीबार झाला, दोघं जागीच गेले, तिसरा वाचला आणि १९९८ ला कायिनेकला जन्मठेप झाली, तो मात्र शेवटपर्यंत मी नाही केलं हेच म्हणत राहिला. २००० मधे मीरोवच्या किल्ल्यातल्या जेलमधून, जिथून पळणं अशक्य मानायचे, खिडकीचे गज कापून दोरीने खाली उतरला आणि लोकांचा हिरोच झाला, हे मला अजिबात पटत नाही. पळून जाण्याची हिंमत म्हणजे निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे ना! २०१७ ला राष्ट्राध्यक्ष झेमान यांनी माफी दिली, पण माफी म्हणजे निर्दोष सुटका नाही. शंका होती तर केस पुन्हा उभी करायला हवी होती, मेलेल्यांच्या घरच्यांनाही खरं काय ते कळायला हवं.
– एक वाचक