हात उचलत नाही, थांबवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या कॅनेडियन यांत्रिक हाताची बातमी आपल्या अंकात वाचली. एमडीए स्पेस या कंपनीचा कॅनडार्म-२ तिथे ‘११६ टन वजन उचलतो’ असे तीत म्हटले आहे. आकडा बरोबर आहे, क्रियापद चुकले. कक्षेत वजन जाणवत नाही, पण वस्तुमान कुठे जात नाही. बोजा हलवणे सोपे, खरी कसरत तो थांबवण्याची असते.

साधा हिशेब पाहा. रिकामा असताना या हाताचे टोक सेकंदाला ३७ सेंटिमीटर सरकू शकते; मोठा बोजा धरला की वेग २ सेंटिमीटरवर आणतात. थांबण्यासाठी ०.६ मीटर अंतर धरलेले असते. तेवढ्या अंतरात ११६ टन सावकाश थांबवायला साधारण ३९ न्यूटन जोर पुरतो, म्हणजे जमिनीवर चार लिटरचा पाण्याचा कॅन धरण्याइतका. वेळ मात्र मिनिटभर लागतो. घाई करून तोच बोजा एका सेंटिमीटरात अडवला, तर जोर साठपट होतो. १७ मीटर लांब हाताच्या टोकाला असा हिसका बसला की त्याचा सगळा पीळ खांद्याच्या सांध्यावर येतो. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. दृश्य कंटाळवाणे दिसते ते यामुळे.

दुसरी गोष्ट पंजाची. त्याला बोटे नाहीत. आत पोकळ नळकांडे आणि तारेचे तीन फास असतात. पकडायच्या यानावर ठरावीक मापाची खुंटी बसवलेली असते. तिला ग्रॅपल फिक्स्चर म्हणतात. पंजा खुंटीभोवती येतो, आतली कडी फिरते, फास आवळतात, मग खुंटी आत ओढून घट्ट बसवली जाते. गरज असेल तिथे शेवटी खिट्ट्या लागून वीज आणि डेटाच्या जोडण्या होतात. यातली खुबी अशी, की खुंटीला स्पर्श होण्याआधीच ती वेढली गेलेली असते. तरंगत्या यानाला बोटाने ढकलले तरी ते दूर जाते. म्हणून आधी वेढा, मग स्पर्श. मालवाहू यानही सुमारे १० मीटरवर येऊन स्थिर होते आणि पकडीच्या क्षणी आपले थ्रस्टर, म्हणजे यान हलवणारी छोटी इंजिने, बंद ठेवते.

खुंटी नसली तर काय होते, हे मे १९९२ मध्ये दिसले. इंटेलसॅट-६ हा सुमारे ४ टनांचा उपग्रह पकडण्यासाठी खास दांडा तयार केला होता. जमिनीवरच्या सरावात तो चालला, कारण तिथल्या यंत्रणेत थोडे घर्षण होते. कक्षेत जरासा धक्का लागला तरी उपग्रह डोलू लागे. दोन दिवस प्रयत्न फसले. अखेर तीन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन तो हातांनी धरला.

झीज होतेच. २०१७ मध्ये कॅनडार्म-२ च्या एका पंजाच्या खिट्ट्या अडू लागल्या. ऑक्टोबरमध्ये अंतराळवीरांनी पंजा बदलला, नव्याला वंगण दिले. जानेवारी २०१८ मध्ये दुसऱ्या टोकाचाही बदलला. त्याआधी २००२ मध्ये मनगटाचा एक सांधा बदलावा लागला होता. हात २००१ पासून टिकला, कारण त्याचे भाग कक्षेतच सुटे करता येतील असे केलेले होते. अमेरिकेच्या स्पेस शटलवरचा पहिला कॅनडार्म (१९८१, स्पार एरोस्पेसचा) प्रत्येक उड्डाणानंतर जमिनीवर परतत असे. त्याला सहा सांधे पुरले. दुसऱ्याला सात दिले, खांद्याला तीन, कोपराला एक, मनगटाला तीन, म्हणजे आपल्या हातासारखेच. दोन्ही टोके सारखी असल्याने कोणतेही टोक खांदा होऊ शकते आणि हात अळीसारखा एकेक टोक रोवत पुढे सरकतो.

असाच सात सांध्यांचा, चालणारा हात तिरुवनंतपुरमच्या इस्रो इनर्शियल सिस्टिम्स युनिटने तयार केला आणि ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत, पोएम-४ वर (उपग्रह सोडून कक्षेत राहिलेल्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर) चालवून दाखवला. त्याच मोहिमेतल्या स्पेडेक्स उपग्रहांची १६ जानेवारी २०२५ ची जोडणी मात्र वेगळी: तिथे याने स्वतःच जवळ येऊन एकमेकांना धरतात, हात लागत नाही. बातम्यांत या दोन्हींची गल्लत फार झाली.

भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असे उद्दिष्ट जाहीर आहे. चर्चा हाताच्या लांबीची आणि ताकदीची होते. आमच्या मते आधी ठरवायला हवे ते खुंटीचे माप, खिट्ट्यांची जागा आणि वीज-डेटाच्या जोडण्या. हा आराखडा इस्रोने खुला करावा, म्हणजे खासगी उपग्रह बनवणाऱ्यांना तशीच खुंटी पहिल्या दिवसापासून लावता येईल. कक्षेत गेलेल्या उपग्रहावर ती नंतर कोण बसवणार?

– यंत्र अभियांत्रिकीतले काही निवृत्त वाचक, पुणे