श्वान-मार्गावरच्या चोथ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापन, वायनरी व टेस्टिंग रूम

विषय: ‘श्वानस्नेही’ म्हणून विकलेली भेट

तुमच्या आवारात माझ्या कुत्र्याने द्राक्षाचा चोथा खाल्ला आणि तुमच्या हेल्पलाइनशी बोलूनही झालं, म्हणून नमस्कार-चमत्कार राहू द्या.

द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती मणी चालतील याचं सुरक्षित प्रमाण कुणी सांगू शकत नाही. एक कुत्रा ओंजळभर पचवतो, दुसरा थोड्याशानेही आडवा होतो. 2021 पासून मुख्य संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार ते कमी-जास्त होतं, हे वाईन करणाऱ्यांना मी सांगायचं?

तरीही तुमचा बाण काढलेला श्वान-मार्ग वेलींच्या ज्या ओळीला खेटून जातो, तिच्याच बुडाशी प्रेसमधून निघालेला ताजा चोथा पसरलेला होता. साली, बिया, देठ, उरलेली साखर, वर आंबून तयार झालेलं अल्कोहोल. पट्टा आखूड धरला तरी नाक तिथवर पोचतंच, कारण वाटच तिथून आहे.

आता फोनवरचं संभाषण. मी म्हटलं, कुत्र्याने चोथा खाल्लाय. उत्तर: “सर, द्राक्ष नैसर्गिक आहे.” मोरचुदातलं तांबंही खाणीतूनच येतं म्हणा! मग प्रश्न: “नक्की किती मणी खाल्ले? मोजले होते का?” दाबून सपाट झालेल्या सालींचे मणी मोजायचे! शेवटी सल्ला: “लक्षणं दिसली तर कळवा.” मूत्रपिंडाची लक्षणं दिसायला एक ते तीन दिवस लागतात. उलटी करवायची ती पहिल्या दोनेक तासांत, तीही पशुवैद्याने; घरी मीठ पाजून नव्हे. लक्षणांची वाट पाहणं म्हणजे उपचाराची वेळ घालवणं. आम्ही थांबलो नाही, म्हणून आज हे पत्र फक्त रागाचं आहे.

टेस्टिंगच्या थाळीत चीजशेजारी बेदाणे, आणि ती थाळी गुडघ्याइतक्या टेबलावर. आंबवण सुरू असलेल्या टाक्यांच्या खोलीतही “या की त्याला घेऊन!” कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि कुत्र्याचं नाक तिथेच असतं, हे टाक्या सांभाळणाऱ्या तुमच्या माणसाला विचारा.

चोथा त्या वाटेवरून उचला किंवा कुंपण घाला. पुन्हा लिहितो: चोथा उचला. फवारणी कधी आणि कशाची झाली ते प्रवेशद्वाराशी लिहून लावा. भेटीच्या वेळेत दवाखाना उघडा असलेल्या पशुवैद्याचा नंबर काउंटरवर ठेवा. पाण्याच्या भांड्यावर पंजाचं चित्र काढायला वेळ मिळाला, तसा यालाही मिळेल.

व्हेटचं बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत. बिलाची आणि बुकिंगची रक्कम सात दिवसांत परत करा. नाहीतर तुमच्या बुकिंग पानाखाली हेच फोटो दिसतील, “द्राक्ष नैसर्गिक आहे” या तुमच्याच ओळीसकट.

— तुमचा माजी ग्राहक